दर पंधरा दिवसांनी ट्यूनिंग बिघडतंय? एमजीबीच्या एसयू कार्ब्युरेटरचा नट फिरवण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते कळेल. थंड गाडी चोकवर लगेच सुरू होते. मोकळ्या रस्त्यावर साठ मैलांच्या वेगाने तासभर चालवली तरी तक्रार नाही. पण इंजिन तापलं आणि सिग्नलला थांबलं की स्लो, म्हणजे गॅस न देता इंजिन फिरण्याचा वेग, बसत नाही. कधी आरपीएमचा काटा दीड हजारावर जाऊन अडकतो, कधी पाचशेच्या खाली घसरतो, बॉनेट थरथरतं आणि गाडी बंद पडते. ट्यून करून आणली की दहा-पंधरा दिवस बरी चालते, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझी एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, १९७१ ची आहे. मी ऑक्सफर्डशरमध्ये राहते. ज्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, तो इथून फार लांब नव्हता. इंजिन १७९८ सीसीचं, बी-सीरिज. त्यावर हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या दीड इंची एसयू कार्ब्युरेटरची जोडी, मॉडेल एचएस४. ही गाडी मी एका वर्कशॉपमधून तीनदा ट्यून करून घेतली. तिन्ही वेळा जेटचे (पेट्रोल येतं त्या नळीचे) नट थोडे थोडे खाली घेऊन मिक्श्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, केलं गेलं, आणि तिन्ही वेळा पंधरा दिवसांत गाडी मूळपदावर आली.

शेवटी सांगलीला बाबांना फोन लावला. त्यांनी बावीस वर्षं अ‍ॅम्बेसेडर सांभाळली. तिचं १४८९ सीसीचं इंजिन याच बी-सीरिजचं, म्हणजे माझ्या इंजिनाचं थोरलं भावंड. बॉनेट उघडून फोन इंजिनाजवळ धरला. मिनिटभर ऐकून ते म्हणाले, "अगं, मधूनच फुस्स होतंय, ऐकू येतंय का तुला? एअर घेतेय ती. आधी ते शोध. तोवर नटाला हात लावायचा नाही."

तिथून पुढे दोन महिने लागले. बाबांचं निदान अचूक होतं. पण एअर एकाच जागेतून येत नव्हती, आणि त्या एअरने आणखी दोन दोष झाकून ठेवले होते. ज्या क्रमाने ते सापडले त्याच क्रमाने लिहिते आहे.

नट फिरवून हे का सुटत नाही

सोलेक्ससारख्या कार्ब्युरेटरमध्ये स्लोसाठी वेगळं जेट आणि वेगळा रस्ता असतो. एसयूमध्ये एकच जेट आणि एकच निमुळती सुई. इंजिन जितकी हवा ओढतं तितका वरचा पिस्टन उचलला जातो. पिस्टनबरोबर सुई वर येते आणि तिच्याभोवतीची फट वाढून पेट्रोल जास्त येतं. स्लो असो की शेवटचा वेग, पेट्रोल याच एका फटीतून जातं. ही कल्पना स्किनर बंधूंची. घराणं चपला-बुटांच्या व्यापारातलं, म्हणून अगदी सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चक्क चामड्याचा भाता होता. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. कंपनी १९१० ची, पुढे १९२६ मध्ये विल्यम मॉरिस यांनी ती विकत घेतली. इतके कमी भाग आणि इतकं चोख काम, हे पाहून मला दर वेळी त्या माणसांबद्दल आदर वाटतो.

आता समजा थ्रॉटलच्या (गॅस दाबला की उघडणाऱ्या झडपेच्या) पुढे कुठूनतरी चोरून हवा शिरते आहे. या हवेने पिस्टन उचलला जात नाही, म्हणून तिच्या वाट्याचं पेट्रोलही येत नाही. स्लोला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मुळात हवाच थोडी असते, त्यामुळे ही चोरटी हवा तिथे फार मोठा हिस्सा ठरते आणि मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. वेगात तिचा हिस्सा नगण्य असतो, म्हणून हायवेवर गाडी झकास चालते. मेकॅनिक स्लोला ऐकतो, लीन आहे म्हणतो, नट खाली घेतो. स्लो सुधारतो, पण तोच नट सगळ्या वेगांना लागू असल्याने बाकी सगळीकडे गाडी रिच होते आणि प्लग काळे पडतात. त्यात गळती कायम सारखी राहत नाही. झिजलेला स्पिंडल, म्हणजे थ्रॉटल ज्यावर फिरतो तो दांडा, गॅस सोडल्यावर कधी या बाजूला टेकतो, कधी त्या बाजूला, आणि इंजिन तापलं की फट बदलते. पंधरा दिवसांपूर्वी ज्या फटीवर ट्यूनिंग केलं होतं, ती फट आज तशी नसते. ट्यूनिंग टिकत नाही ते यामुळे.

आधी इग्निशन आणि टॅपेट

हे थोडक्यात, कारण मॅन्युअलमध्ये सगळं आहे. टॅपेटची, म्हणजे वाल्व्हवरची, फट ०.०१५ इंच. वाल्व्ह आठ आहेत, त्यामुळे नऊचा हिशेब लक्षात ठेवा: आठवा वाल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फटही ०.०१५ इंचाच्या आसपास. टायमिंग लाइटने बघा, नजरेने नको. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून आतली प्लेट हलते का ते पाहा. ओढताना हवा सरळ तोंडात आली तर डायफ्राम फाटला आहे, आणि तीही एक गळतीच. हे नीट नसेल तर कार्ब्युरेटर उघडूच नका. नव्वद टक्के कार्ब्युरेटरचे दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये सापडतात असं इथले जुने मेकॅनिक सांगतात, आणि निम्म्या वेळा तरी ते खरं निघतं.

पंपाचा टिकटिक आवाज ऐका

एमजीबीचा एसयू इलेक्ट्रिक पंप मागच्या बाजूला, बॅटरीजवळ असतो. इंजिन सुरू न करता फक्त किल्ली फिरवा. पंप भराभर टिकटिकतो, दोन्ही फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाट्या) भरले की हळू होतो आणि थांबतो. त्यानंतर अर्ध्या मिनिटात एखादी टिक आली तर चालेल. तो सारखा टिकटिकत राहिला तर पेट्रोल कुठेतरी जातंय: एक तर पाइप गळतोय, नाहीतर फ्लोटची सुई आपल्या सीटवर बसत नाही आणि चेंबर ओव्हरफ्लो होतोय.

माझा पंप थांबत नव्हता. इंजिनच्या आवाजात हे तीन वर्षं कुणालाच ऐकू आलं नव्हतं. पुढच्या कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीचं टोक ओलं होतं. चेंबरचं झाकण उघडलं तर तळाशी काळी बारीक पूड दिसली. ही पूड कशाची म्हणून पेट्रोलचा रबरी पाइप काढला आणि करंगळी आत फिरवली. बोट शाईत बुडवल्यासारखं काळंभोर झालं. पाइप आतून विरघळत होता. त्याचेच कण सुईखाली अडकत, गाडी एक दिवस ओव्हरफ्लो होई, कण निघून गेला की चार दिवस ठीक चाले.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं आहे, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. माझे सगळे पाइप आता इथेनॉल चालणाऱ्या रबराचे आहेत, फ्लोटच्या सुया व्हायटॉन रबराच्या टोकाच्या आहेत, आणि गाडीत मी महागडं असलं तरी ई५ सुपरच भरते. महाराष्ट्रात जुनी अ‍ॅम्बेसेडर किंवा एखादी एमजी सांभाळणाऱ्यांना पंपावर ई२० मिळतं, त्यांनी तर पाइपांकडे आधी पाहावं. शिवाय पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. त्यामुळे त्याच सेटिंगवर ई२० भरलं की गाडी लीन होते. तिथे नट खाली घेणं रास्त आहे, पण गळती नाही याची खात्री झाल्यावरच.

फ्लोटची पातळीही याच वेळी पाहा. झाकण उलटं धरा, फ्लोट स्वतःच्या वजनाने सुईवर टेकू द्या आणि फ्लोटची पट्टी व झाकणाच्या कडेमध्ये साधारण ३ ते ५ मिलिमीटर अंतर आहे का ते बघा. मी ३ मिलिमीटरचं ड्रिल बिट आडवं सरकवते. आणि पंप बदललेला असेल तर त्याचा दाब मोजा. एसयूला दर चौरस इंचाला तीनेक पौंड पुरे. जोरकस पंप सुईला सीटवरून ढकलतो, मग फ्लोट बिचारा कितीही नीट असला तरी चेंबर भरून वाहतो. चेंबर बेसुमार भरण्याचं हे दुखणं विमानांनाही होतं. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायरसारख्या लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनावरही एसयू होते. पायलटने विमानाचं नाक झटक्यात खाली केलं की इंजिन आधी पेट्रोलविना अडखळायचं आणि मग पेट्रोलने तुंबायचं. १९४१ मध्ये फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या इंजिनिअर बिएट्रिस शिलिंग यांनी पेट्रोलच्या वाटेत भोक पाडलेली एक छोटी चकती बसवून ते तुंबणं थांबवलं.

एअर कुठून शिरते

इंजिन गरम करून स्लोला ठेवा. कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे घ्या, बारीक नळी लावा आणि एकेका जागी क्षणभर मारा. एग्झॉस्ट अगदी खाली आहे, म्हणून फवारा थोडाच मारायचा आणि आग विझवायचं सिलेंडर हाताशी ठेवायचं. ज्या जागी मारल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो, तिथे गळती. मॅनिफोल्डचे (कार्ब्युरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळ्यांचे) जोड, कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमधल्या जाड ठोकळ्यांची गॅस्केटं, ब्रेक सर्व्होचा पाइप आणि थ्रॉटल स्पिंडलची चारही टोकं अशा क्रमाने जा.

माझ्या गाडीत मागच्या कार्ब्युरेटरच्या स्पिंडलच्या बाहेरच्या टोकावर स्प्रे मारताच काटा नऊशेवरून सहाशेवर आला. इंजिन बंद करून स्पिंडल दोन बोटांत धरला आणि वर-खाली हलवला. तो चक्क खुळखुळला. परतीची स्प्रिंग ज्या बाजूला ओढते तिथे झीज सगळ्यात जास्त असते. पितळेचा स्पिंडलही झिजतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीतलं भोकही लंबगोल होतं. नुसता नवा स्पिंडल टाकला तर थोडा फरक पडतो, पण भोकच झिजलं असेल तर ते मोठं करून बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर, बसवावं लागतं. बॉडीच्या दोन्ही बाजूंची भोकं एका सरळ रेषेत यायला हवीत. घरच्या ड्रिलने ते जमत नाही. मी बॉडी बुश घालायला पाठवली. ५/१६ इंचाचे नवे स्पिंडल आणि बाकीचे सुटे भाग आजही मिळतात. एसयूचा वारसा आता सॉल्झबरीच्या बर्लेन कंपनीकडे आहे.

दुसरी गळती तर दिसतही नव्हती, कारण ती आतच होती. साठच्या दशकाच्या शेवटी प्रदूषणाच्या नियमांसाठी थ्रॉटलच्या चकतीवरच स्प्रिंगचा एक छोटा वाल्व्ह बसवायला लागले. गाडी उतारावर गॅस सोडून धावत असते तेव्हा तो उघडून थोडी हवा सोडतो. पन्नास वर्षांनी स्प्रिंग मेलेली असते. इंजिन गरम झालं की वाल्व्ह अर्धवट उघडाच राहतो आणि स्लोचा स्क्रू पूर्ण सोडला तरी काटा दीड हजारावरून उतरत नाही. माझ्या सिग्नलवरच्या त्या अडकलेल्या काट्याचं कारण हे होतं. उपाय साधा: चकती काढून वाल्व्ह डाखाने बंद करायचा किंवा बिनवाल्व्हची सपाट चकती घालायची. मी सपाट चकत्या घातल्या.

क्रँककेसच्या वाफा ओढणारी वाय आकाराची नळीही विसरू नका. माझ्या वर्षाच्या गाड्यांत ती थेट दोन्ही कार्ब्युरेटरमध्ये जाते. टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा ऑइलचं झाकण चुकीचं असेल तर तिथूनही नको तेवढी हवा कार्ब्युरेटरमध्ये येते. माझ्या गाडीला कुणीतरी दुसऱ्याच मॉडेलचं झाकण लावलेलं होतं.

उघडताना आणि जोडताना

दोन कार्ब्युरेटर उघडताना दोन वेगळ्या थाळ्या घ्या. पिस्टन आणि त्याचा घुमट कारखान्यात जोडीने जुळवलेले असतात, त्यांची अदलाबदल झाली तर कितीही ट्यून करा, ते जुळणार नाहीत. आतून पॉलिश पेपर कधीही मारू नका. केरोसीन किंवा क्लीनर आणि मऊ फडकं पुरे. पिस्टनची कड घुमटाला टेकत नाही, केसाएवढी फट ठेवूनच ती फिरते. त्या फटीवर अख्खा कार्ब्युरेटर चालतो, ती आपण घासून वाढवायची नाही.

जोडी नीट आहे का हे तपासायची एक जुनी युक्ती आहे. पिस्टनची छोटी भोकं बोटांनी किंवा मळलेल्या मातीने बंद करा, पिस्टन घुमटात पूर्ण घाला, डॅम्पर (तेलात चालून पिस्टनची हालचाल मंदावणारा दांडा) लावा, उलटं धरा आणि घुमट सोडून द्या. एचएस४ चा घुमट ५ ते ७ सेकंदांत घसरून खाली आला पाहिजे. माझा पुढचा सहा सेकंद आणि मागचा साडेतीन. मागच्यात घुमटाच्या आतल्या बाजूला वाळलेल्या तेलाचा तपकिरी थर होता आणि एका ठिकाणी ओरखडा. थर काढल्यावर साडेपाच झाला.

सुई पिस्टनच्या तळाशी खांद्यापर्यंत बसलेली हवी, वर नाही की खाली नाही. जुन्या प्रकारची सुई घट्ट असते, तिथे जेट मध्यभागी आणावं लागतं: जेटचा मोठा नट सैल करा, जेट वर ढकला, पिस्टन वरून सोडा आणि नट आवळा. पिस्टन पडताना पुलाला, म्हणजे त्याच्या खालच्या उंचवट्याला, टेकून 'टक' असा स्वच्छ आवाज यायला हवा. जेट खाली घेतल्यावर तो आवाज बदलत असेल तर जेट अजून एका बाजूला आहे. नंतरच्या गाड्यांत स्प्रिंगवर तिरकी झुकणारी सुई असते, तिथे हे करावं लागत नाही. सुई घासलेली, चमकणारी रेघ दिसणारी असेल तर सुई आणि जेट दोन्ही बदला, एकटी सुई नको.

थ्रॉटलच्या चकतीचे दोन बारीक पितळी स्क्रू नेहमी नवेच घ्या. त्यांची टोकं दुभंगलेली असतात. आवळल्यावर ती टोकं पकडीने हलकेच फाकवायची. हे राहिलं तर स्क्रू सुटून थेट इंजिनात जातो, आणि मग काम कार्ब्युरेटरपुरतं राहत नाही. फाकवताना स्पिंडल खालून ठोकळ्यावर टेकवा, नाहीतर तो वाकतो. चकतीच्या कडा तिरप्या कापलेल्या असतात, काढण्याआधी खूण करून ठेवा.

आता नट

गळती गेली, पंप थांबतो, टॅपेट आणि टायमिंग ठीक आहे. आता पाना घ्या.

दोन्ही जेट वर, पुलाच्या पातळीला आणा. तिथून दोन्ही नट बरोबर दोन फेरे खाली घ्या, म्हणजे नटाच्या बारा कडा. ही सुरुवात. डॅम्परमध्ये तेल घाला. मी इंजिनचंच २०डब्ल्यू-५० घालते. डॅम्परची टोपी आट्यांपासून पाव इंच वर असतानाच हाताला विरोध जाणवला पाहिजे. तेल कमी असेल तर गॅस दाबताच गाडी क्षणभर गचका खाते.

इंजिन पूर्ण तापवा. दोन्ही थ्रॉटल जोडणारी क्लॅम्प सैल करा, म्हणजे दोन्ही कार्ब्युरेटर सुटे होतील. अर्ध्या मीटरची रबरी नळी घ्या. एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दोन्हीकडे अगदी त्याच जागी. आवाज ऐका: एकाचा फुसफुस आवाज जाड, दुसऱ्याचा पातळ असेल तर स्लोच्या स्क्रूने तो सारखा करा. पहिल्यांदा फरक कळणार नाही. पाचव्या वेळी कळेल. मला आता नळी हलवताच कळतं, आणि त्या क्षणी होणारा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

मग मिक्श्चर. पिस्टन उचलायची पिन बॉडीखाली असते. तिने पिस्टन अगदी थोडा, एक मिलिमीटरहूनही कमी उचला. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर रिच, नट वर घ्या. लगेच घसरून बंद पडायला लागलं तर लीन, नट खाली. क्षणभर किंचित वाढून परत पूर्वपदावर आलं तर बरोबर. एका वेळी एकच कड फिरवा, नंतर गॅसला एक झटका द्या, आणि पुन्हा तपासा. एकाचं झालं की दुसऱ्याचं, मग परत पहिल्याचं, कारण मॅनिफोल्डमधून दोघे एकमेकांवर परिणाम करतात. माझे पुढचा बारा आणि मागचा तेरा कडांवर स्थिरावले. वर्कशॉपने ते सतरा आणि एकवीसवर नेऊन ठेवले होते.

शेवटी लिंकेजची क्लॅम्प आवळताना दोन्ही बाजूंना सारखी थोडी मोकळीक ठेवा, म्हणजे गॅस दाबल्यावर दोन्ही एकदम उघडतील. चोकची तार सोडल्यावर जेटच्या बुडाला खालून बोट लावून वर ढकला. जेट वर सरकलं तर ते लटकलेलं होतं, तार किंवा नळी अडवते आहे. हा दोष कधी होतो, कधी नाही, त्यामुळे फार छळतो, आणि दहा सेकंदांत सापडतो.

पहिल्या तीनशे मैलांनंतर कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डचे नट पुन्हा एकदा आवळा, नवी गॅस्केटं तापून दबतात. माझे दोन नट अर्धा फेरा फिरले. चारही प्लगांची टोकं आता बिस्किटाच्या रंगाची आहेत. मार्चपासून नटाला हात लावलेला नाही, डॅम्परमध्ये दोनदा थोडं तेल घातलं आहे, आणि स्लो साडेआठशेवर आहे.